पाचवी तार

बाई कुणाच्याही घरी आल्या की दारातच आधी एक आकडा म्हणायच्या. "तेवीस." मग बूट काढायच्या आणि मग "काय, बरं आहे ना?" विचारायच्या. नवखा माणूस गोंधळून जायचा. आम्हाला सवय होती. तो आकडा म्हणजे त्या खोलीच्या तापमानाचा बाईंचा अंदाज असायचा. आकडा म्हणून झाला की चष्म्याच्या डबीत जपून ठेवलेला थर्मामीटर त्या पर्समधून काढायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि चहा येईपर्यंत त्याच्याकडे टक लावून बसायच्या. अंदाज हमखास चुकलेला असायचा. आमच्या एवढ्या सहवासात त्यांचा एकही अंदाज बरोबर आलेला मला आठवत नाही. आणि चुकला की त्यांचा चेहरा असा खुलायचा, की जणू लॉटरी लागली.

"चुकले! बघा, माझ्या भरवशावर कधी राहू नये."

"मग बाई, अंदाज करताच कशाला?" मी एकदा न राहवून विचारलं.

"अहो, अंदाजच केला नाही, तर चुकले हे कळणार कसं?"

मी पोहे पुढे केले.

अमिरातीतल्या अल ऐनमधल्या एका भारतीय शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो. त्यांचा विषय भौतिकशास्त्र, माझा इतिहास. "जे चाललंय ते मी सांगते, जे होऊन गेलं ते तुम्ही सांगा, म्हणजे पोरांचं दोन्हीकडून भलं होईल," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. मी तेव्हा नुकती रुजू झालेली, त्या निवृत्तीला टेकलेल्या. शाळेच्या फाटकाच्या आत त्या मॅडम. फाटकाबाहेर मराठी माणसाने त्यांना बाईच म्हणायचं, अशी सक्त ताकीद होती. स्वतः मात्र झाडून सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. माझ्यासारख्या लेकीच्या वयाच्या बाईलाही "तुम्ही", सहावीतल्या मराठी पोरालाही "आपण गृहपाठ का केला नाहीत?" आणि यंत्रांनाही तेच. सकाळी गाडी सुरू होत नसली की "उठा आता, उशीर होतोय" अशी आर्जवं चालायची. त्यांची ती जुनी पांढरी गाडी अल ऐनच्या चौकाचौकातल्या गोल चक्करला दोन-दोन फेऱ्या मारायची, कारण पहिल्या फेरीत बाई विचार करायच्या आणि दुसऱ्या फेरीत वळायच्या. मागचे हॉर्न वाजवायचे. बाई आरशात बघून त्यांना नमस्कार करायच्या.

मे महिन्यात सुती साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट, असा त्यांचा वेश असायचा. जानेवारीत स्वेटर गायब. विचारलं तर म्हणायच्या, "मे महिन्यात शाळेत गारठा असतो. जानेवारीत कुठे?" आणि ते खरंच होतं. इथे बाहेर अंगाची लाही होत असते तेव्हा आत माणसं शाली पांघरून बसलेली असतात. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण त्याप्रमाणे कपडे घालायची अक्कल एकट्या बाईंना होती.

त्यांच्या घरी गेलं की भिंतींवर देवांपेक्षा थर्मामीटर जास्त. पडद्याच्या दांडीला, फ्रीजच्या दारात, तांदळाच्या डब्यात, बाल्कनीतल्या तुळशीत. आणि प्रत्येक ठिकाणी दोन. "एका यंत्रावर विश्वास ठेवू नका. दोन ठेवा. दोघांचं पटलं तर ठीक. नाही पटलं तर पंच बोलवा." पंच म्हणजे तिसरा थर्मामीटर. तो मऊ फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेला असायचा, आणि फक्त भांडण झालं तरच बाहेर यायचा. मी एकदा पंचाला हात लावायला गेले तर बाई म्हणाल्या, "हात धुऊन या."

आमच्या स्टाफरूममध्ये एसीवरून कायमचं युद्ध पेटलेलं असे. खिडकीकडच्या शिक्षिका घामाघूम, कोपऱ्यातल्या शिक्षिका कुडकुडत. कुणी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचं बटण खाली करायचं, कुणी वर. त्यावरून दोघींनी वर्षभर बोलणं टाकलं होतं. प्रिन्सिपलनी थर्मोस्टॅटला कुलूपवाली पेटी बसवली, तर कुणीतरी हेअरपिनने ती उघडली. एके सकाळी आम्ही आलो तर छताला ठिकठिकाणी दोरे बांधलेले आणि त्यांना थर्मामीटर लटकलेले. बाई खाली खुर्चीवर हाताची घडी घालून बसलेल्या. दिवसभर तेच. तास संपला की येऊन बसायच्या आणि छताकडे बघायच्या. दुपारच्या चहाच्या वेळी एकदम उठल्या, थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली ठेवलेली चहाची इलेक्ट्रिक किटली त्यांनी उचलली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

"आपण इथे उकळत होता, आणि हे वर बसून घाबरत होते," असं त्या किटलीला म्हणाल्या.

किटली उकळली की वाफ सरळ थर्मोस्टॅटवर जायची. त्याला वाटायचं खोली तापली, आणि तो सगळ्यांना गारठवून टाकायचा. वर्षभराचं भांडण एका किटलीचं होतं. त्या दिवसापासून स्टाफरूम शांत झाली. बोलणं टाकलेल्या दोघी मात्र बोलल्या नाहीत ते नाहीतच. त्याला थर्मामीटर काय करणार?

तेव्हा मी बाईंना हसले होते. घरी जाऊन नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांची नक्कलही करून दाखवली होती. आपल्याला ह्या बाईची गरज लागेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी आणखी हसले असते.

आमची जुई सातव्या महिन्यातच आली. नोव्हेंबर संपत होता. मुठीएवढी पोर हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेर स्टुलावर. जानेवारी निम्मा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, वजन धरतेय, आता घरी नेता येईल. मी रडायलाच लागले. मग नर्सने विचारलं, "बेबी का रूम गरम रहता है ना? चौबीस-पच्चीस रखना. ऊपर-नीचे नहीं होना चाहिए."

मी लहानपणापासून ह्या देशात राहिलेली. खोली थंड होते का, असं मला हजारदा विचारलं गेलं होतं. गरम होते का, हे त्या दिवशी पहिल्यांदा.

आमचं घर म्हणजे एका जुन्या व्हिलाचा तळमजल्याचा भाग. सगळीकडे फरशी, उंच छत, पातळ काचा. घर बांधणाऱ्याने उन्हाळ्याशी लढायचं एवढंच डोक्यात ठेवून बांधलेलं. अल ऐन समुद्रापासून लांब, वाळवंटाला चिकटून. जानेवारीच्या पहाटे धुकं उतरतं आणि फरशीवर अनवाणी पाय ठेवला की टाचेतून कळ जाते. जुईची खोली सकाळी अठरावर आलेली असायची. थर्मोस्टॅटवर हीट असं लिहिलेलं बटण होतं, पण ते फिरवलं तरी जाळीतून थंडच हवा यायची. नितीनने तेलाचा हीटर आणला. तो लावून जेमतेम खोली ऊब धरते न धरते तोच ब्रेकर पडायचा आणि अर्धं घर अंधारात. जुनं वायरिंग, त्याला तेवढा भार पेलत नव्हता. घरमालक भला माणूस, म्हणाला, इन्शाल्ला, बघू. त्याच्या 'बघू'मध्ये किती जानेवारी मावतात ते मला माहीत होतं.

आणि पोरीला गुरुवारी घरी न्यायचं होतं. हॉस्पिटल आणखी थांबवायला तयार होतं, पण मी तयार नव्हते. तिला मांडीवर घेऊन घरी बसायचं एवढी एकच गोष्ट मला हवी होती, आणि तिच्यासाठी आमच्याकडे एक ऊबदार खोली नव्हती.

शाळेत रजा वाढवायचा अर्ज द्यायला गेले तेव्हा बाई जिन्यात भेटल्या. मी सगळं सांगितलं. "अरेरे" म्हणाल्या नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही. विचारलं, "भिंतीवर काय आहे तुमच्या? गोल की चौकोनी?"

"काय?"

"थर्मोस्टॅट."

गोल होता. आणि कपाटात एक चौकोनीही होता. नितीनने मागच्या उन्हाळ्याच्या सेलमध्ये स्मार्ट थर्मोस्टॅट घेतला होता. फोनवर दिसतो, फोनवरून चालतो वगैरे. घरी आणून त्याने उत्साहाने जुन्याचं झाकण काढलं, आतल्या तारा बघितल्या आणि झाकण पुन्हा लावलं. तेव्हापासून खोका कपाटात, हिवाळ्याच्या रजयांखाली. हे ऐकून बाई म्हणाल्या, "शनिवारी सकाळी येते. काढून ठेवा. त्याला हार घालून नका ठेवू, फक्त काढून ठेवा."

शनिवारी दारात उभ्या राहिल्या. "एकवीस." टेबलावरचा थर्मामीटर अठराच्याही खाली गेला. "चुकले," म्हणाल्या, पण चेहरा खुलला नाही. ते मला तेव्हा जाणवलं.

त्यांनी पदर खोचला, कॅनव्हासचे बूट पायातच ठेवले आणि मल्टिमीटर काढला. आधी झाकण काढून, वीज चालू ठेवूनच तारांवरचा दाब मोजला. इथल्या कित्येक घरांत भिंतीतल्या थर्मोस्टॅटला सरळ दोनशे चाळीस व्होल्टची वीज आणलेली असते. परदेशी चौकोनी डबा तिला जोडला की क्षणात जळतो. मीटरवर चोवीसच आलं तेव्हा बाईंनी हात जोडले. मग ब्रेकरसमोर जाऊन म्हणाल्या, "आपण जरा बसा."

नितीन लगेच खुर्चीत बसला. बाईंनी ब्रेकर खाली केला आणि नितीनकडे वळून बघितलं.

मग तारांकडे वळल्या. नितीन म्हणाला, "बाई, लाल म्हणजे पॉवर ना? इंटरनेटवर लाल म्हणजे—"

"रंगावर जाऊ नका. ज्यानं बसवलं त्याच्याकडे त्या दिवशी जो रंग उरला होता तो." त्यांनी आधी फोटो काढला. मग जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी काढून तिचे तुकडे केले आणि एकेका तारेवर, ती ज्या स्क्रूखाली होती त्याचं अक्षर लिहून, अशा हळुवारपणे चिकटवले की तारेला दुखेल की काय. चार तारा झाल्या. मग टॉर्चने भिंतीच्या भोकात बघत राहिल्या. बराच वेळ. मग चिमट्याने आतून एक तार ओढून काढली. तिचं टोक दुमडून काळ्या टेपने घट्ट बांधलेलं होतं.

"ती एक्स्ट्रा असेल," नितीन म्हणाला.

"एक्स्ट्रा तार कुणी इतक्या प्रेमानं गुंडाळत नाही, नितीनराव. ह्या घराचा एसी कोण बघतं?"

व्हिलाचा एसी आमच्याही आधीपासून मुश्ताकभाई बघायचे. मूळचे रायगडकडचे, म्हसळ्याचे. अबू धाबीजवळच्या मुसफ्फामध्ये त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. पाचवी तार म्हटल्याबरोबर ते हसायला लागले.

"अरे ती? ती हीटची तार, भाभी. मीच गुंडाळलीय."

"का?" बाईंनी विचारलं.

"काय सांगू बाई. तुमच्याआधी तिथे एक फॅमिली होती, चार पोरं. पोरं बटण फिरवून हीटवर करायची, जूनच्या महिन्यात! मग घरात भट्टी, आणि मला फोन, मुश्ताक, एसी खराब है. मुसफ्फाहून अल ऐन यायचं, बटण फिरवायचं, परत जायचं. तीन वेळा झालं. चौथ्या वेळेला तारच काढून बांधून टाकली. खलास. आता बटण कुठेही फिरवा, थंडच येणार. आणि इथे हीट वापरतो कोण?"

"आम्ही," बाई म्हणाल्या. "इथे एक मुलगी यायची आहे."

पलीकडे मुश्ताकभाईंनी अवजारांची पेटी आपटून बंद केली. मग म्हणाले, "यल्ला, निघतोच."

मुसफ्फाहून यायला त्यांना वेळ लागणार होता. भिंतीतून पाच तारा लोंबत होत्या. घर गार पडलेलं. मी चहा केला. बाईंनी कप दोन्ही हातांत धरला आणि पहिल्यांदाच, आपणहून, स्वतःबद्दल बोलल्या.

त्या निफाडकडच्या. तिथली थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, द्राक्षांच्या बागेत दव गोठतं. बाई आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांना भाऊ झाला. तोही असाच घाईत आला, ऐन जानेवारीत. आईने कापसात गुंडाळून ठेवला. बाजूला शेगडी. कुणी म्हणायचं, ऊब कमी पडतेय, अजून निखारे घाला. कुणी म्हणायचं, पोर भाजून निघेल, शेगडी लांब करा. एक आत्या आत आणायची, दुसरी बाहेर न्यायची. प्रत्येकीचा आपापला अंदाज.

"पाचव्या दिवशी गेला," बाई म्हणाल्या. "खोली थंड होती म्हणून गेला की गरम होती म्हणून, हे आजपर्यंत कुणाला माहीत नाही. आमच्या गावात एक थर्मामीटर नव्हता हो. एक."

बाई उरलेला चहा प्यायल्या, आणि मी त्यांच्याकडे बघत होते. पडद्याच्या दांडीवरचे, तांदळाच्या डब्यातले, तुळशीतले ते सगळे थर्मामीटर माझ्या डोळ्यांपुढून गेले. ज्यांची मी नक्कल करून दाखवली होती ते.

मुश्ताकभाई आले ते थेट गच्चीवर गेले. तिथून ओरडले, "वर लागलेलीच आहे, बाई! फक्त खाली बांधलेली होती!" बाईंनी काळी टेप नखाने सोडवली, तारेचं टोक चाकूने स्वच्छ केलं, पाचही तारा चौकोनी डब्याच्या पाठीत आपापल्या जागी बसवल्या. ब्रेकरला म्हणाल्या, "चला, झाली विश्रांती." डब्याचा पडदा उजळला. पुढचं काम फोनवरचं, म्हणून नितीनकडे आलं. फोन एकेक प्रश्न विचारत होता आणि नितीन पटापट 'नेक्स्ट' दाबत होता. शेवटी पंचवीस लावलं. हीट. गच्चीवर घरघर सुरू झाली. मुश्ताकभाई खाली आले आणि आम्ही चौघं छताजवळच्या जाळीखाली हात वर करून उभे राहिलो.

हवा आली. बर्फासारखी.

मला रडू आवरेना. मुश्ताकभाई खाली मान घालून म्हणाले, "इतकी वर्षं वापरलं नाही, अंदरसे जाम झालं असेल." नितीन पुन्हा पुन्हा फोन दाबत होता. बाई मात्र जाळीखालीच उभ्या होत्या, हात वर, डोळे मिटलेले, आणि चेहरा खुलत चाललेला.

"नितीनराव, आता थंडीवर लावा."

"बाई, आणखी थंड?"

"लावा हो. सोळा."

घरघर थांबली. थोडा वेळ काही नाही. मग वर गच्चीवर कसलासा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि जाळीतून धुळीचा वास आला. आणि त्या वासाच्या मागोमाग ऊब आली. उन्हात वाळत घातलेल्या गोधडीत तोंड खुपसावं तशी ऊब माझ्या ओल्या गालांवर आली.

"उलटं चालतंय!" बाई ओरडल्या. त्यांना ओरडताना मी तेव्हाच पाहिलं. "अहो, उलटं चालतंय म्हणजे चालतंय! तार जिवंत आहे!"

नितीनने 'नेक्स्ट'च्या घाईत एक प्रश्न तसाच पुढे ढकलला होता. ती पाचवी तार कधी चेतवायची, गरम करताना की थंड करताना, असा तो प्रश्न. जगातल्या बहुतेक यंत्रांचं उत्तर वेगळं, आमच्या गच्चीवरच्या म्हाताऱ्याचं वेगळं. बाईंनी मागे जाऊन ते उत्तर बदललं. मग हीटवर ऊब आली आणि कूलवर गारवा. मुश्ताकभाईंनी कानाला हात लावला. "बाई, तुम्ही मुसफ्फाला या. पार्टनरशिप करू."

मला वाटलं, झालं. बाईंना तसं वाटत नव्हतं. पडद्यावर पंचवीस आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे भिंतीचं झालं. बाळ काय भिंतीवर झोपणार आहे?"

थर्मोस्टॅट होता पॅसेजमध्ये, जुईची खोली टोकाला. मला स्टाफरूमची किटली आठवली. बाईंनी पर्स उघडली. आधी दोन थर्मामीटर काढले, मग मऊ फडक्यातून पंच. त्या जुईच्या रिकाम्या पाळण्यापाशी गेल्या, जिथे तिचं डोकं येणार तिथे एक, पायाशी एक आणि मधोमध पंच असे ठेवले. वरून दुपटं पांघरलं, कडा नीट खोचल्या. आणि पाळण्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. दुपारी जेवायला उठल्या नाहीत, मी ताट तिथेच नेलं. मधूनच दुपटं अलगद उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "दार अर्धं उघडा." नाहीतर, "पाळणा खिडकीपासून हातभर आत घ्या." नाहीतर, "भिंतीवर सव्वीस करा, म्हणजे इथे पंचवीस येतील."

मी दारात उभी राहून बघत होते. आयुष्यात मोठी म्हणतात ती माणसं मी लांबून-जवळून पाहिली आहेत, त्यांची भाषणंही ऐकली आहेत. पण मान आपोआप खाली गेली ती त्या दुपारी, पारा झोपवून बसलेल्या त्या बाईपुढे. उन्हं उतरली तेव्हा तिन्ही थर्मामीटरचं एकमत झालं. बाई उठल्या, साडी झटकली. "आता आणा त्यांना."

गुरुवारी जुई घरी आली. संध्याकाळी बेल वाजली. बाई आत आल्या आणि आकडा म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते, नितीनही. त्यांनी बूट काढले, हात धुतले, पाळण्यावर वाकल्या आणि त्या एवढ्याशा पोरीला म्हणाल्या, "या. आपलीच वाट बघत होतो."

तेव्हा त्यांनी आमच्याकडून आणखी एक गोष्ट मागून घेतली. थर्मोस्टॅटचं ते ॲप त्यांच्याही फोनवर. झालं, आमच्या घरात खासगी म्हणून काही उरलं नाही. बाई शाळेत तासावर असल्या तरी मेसेज यायचा, "तेवीस झालेत. मागचं दार उघडं राहिलंय." राहिलेलं असायचंच. पुढे बाई निवृत्त होऊन निफाडला गेल्या. आम्हाला वाटलं, आता सुटलो. कसलं काय! हिवाळ्याच्या पहाटे पोळ्या लाटताना फोन यायचा, "जुईंना शाळेत पाठवलंत का? घर एकदम गार झालं, दार उघडलं वाटतं." पोरगी उठून गेली हे निफाडला बसलेल्या बाईंना पाऱ्यावरून कळायचं. जुई आता चांगली दांडगट झाली आहे, थंडीत टी-शर्टवर हिंडते, तरी बाईंचं लक्ष कमी झालं नाही. माझी सासू म्हणायची, ह्यांना दुसरं काम नाही का? मी म्हणायचे, नाही. आणि नसू दे.

यंदा नितीनला दुबईत नोकरी लागली आणि आम्ही तिथल्याच अल मनखूल भागातल्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. व्हिला सोडताना होतं तसं करून द्यायचं, म्हणून जुना गोल थर्मोस्टॅट परत बसवायला मुश्ताकभाई आले. बाई व्हिडिओ कॉलवर होत्याच. जुईने फोन भिंतीसमोर धरला होता.

चौकोनी डबा निघाला. बाईंनी लावलेल्या पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, अक्षरं मात्र वाचता येत होती. मुश्ताकभाईंनी चार तारा गोल थर्मोस्टॅटला जोडल्या, पाचवी दुमडली आणि सवयीने खिशातून काळी टेप काढली.

"मुश्ताकभाई, हात खाली!" निफाडहून आवाज आला.

"बाई, पुढे जो येईल तो हीट थोडीच वापरणार?"

"कोण येणार आहे ते तुम्हाला माहीत आहे?"

मुश्ताकभाईंनी टेप खिशात ठेवली आणि पाचवी तार तिच्या स्क्रूखाली घट्ट आवळली. त्या तारेची पट्टी गळून पडली होती. बाई म्हणाल्या, नवी लावा, आणि ती कसली तार आहे ते जुईंना लिहू द्या. जुईने पेन उघडलं. "व्हॉट डझ इट डू, आजी?"

"तुम्हीच सांगा. तुमच्यासाठीच जोडली होती."

जुईने थोडा विचार केला आणि जीभ बाहेर काढून इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: बेबीला ऊब देणारी, काढू नका. मुश्ताकभाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि झाकण लावलं.

मी चौकोनी डबा फडक्यात गुंडाळत होते. फोनमध्ये बाई बोटाने काहीतरी सरकवत होत्या. मग बाई म्हणाल्या, "इथे ॲपवर ऑफलाइन आलं."

"हो बाई. काढला आता."

"हं."

त्यांचा चेहरा पडद्यावर अगदी जवळ आला होता. मागे भिंतीवर दोन थर्मामीटर दिसत होते. दोन्ही मला एकदम धूसर दिसायला लागले.

"जुईंच्या कपाळाला हात लावा बघू," बाई म्हणाल्या.

मी लावला. "बरोबर आहे, बाई. छान ऊबदार आहे."

"तुम्ही एकट्यांनी सांगून चालणार नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात लावा."

नितीन बाहेर सामानाच्या गाडीपाशी होता. मुश्ताकभाईंनी माझ्याकडे बघितलं, हात पँटला दोनदा पुसला आणि जुईच्या कपाळावर ठेवला. डोळे मिटून तसेच थांबले, मग फोनमधल्या निफाडकडे बघून मान डोलावली.